गहाणखत कसं वाचावं: ‘मॉर्गेज’ या शब्दापासून सुरुवात

बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्रात ‘मॉर्गेज’ असतं, सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘बोजा’ असतो, आजोबांच्या ट्रंकेतल्या पिवळ्या कागदावर ‘कब्जेगहाण’ लिहिलेलं असतं आणि आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या टेम्पोच्या आरसी बुकावर ‘हायपोथिकेशन’. सगळीकडे कुणाचे तरी पैसे गुंतलेत आणि कुणाची तरी वस्तू अडकली आहे, एवढं समजतं. पण वस्तू कुणाच्या ताब्यात राहणार, तिचं उत्पन्न कुणी खायचं आणि पैसे फिटले हे कशावरून ठरायचं, हे प्रत्येक शब्दाबरोबर बदलतं. कोकणात कितीतरी बागा पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडतात, त्याचं कारण पुष्कळदा कर्जाचा आकडा नसतो. कागदातलं एखादं वाक्य कुणी नीट वाचलेलं नसतं.

मेलेलं काय?

मॉर्गेज हा जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला जोडशब्द. ‘मॉर्त’ म्हणजे मेलेलं आणि ‘गाज’ म्हणजे तारण. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे ‘टी’ आहे, पण तो उच्चारत नाहीत, त्यामुळे आपण ‘मॉर्गेज’ म्हणतो ते बरोबरच आहे. ‘गाज’ची पाळंमुळं जर्मॅनिक भाषांत आहेत. मजुरीला असलेला इंग्रजी ‘वेज’ आणि लग्नाला असलेला ‘वेडिंग’ हे त्याचेच भाऊबंद, कारण सगळ्यांच्या मुळाशी शब्द देणं, हमी देणं आहे. आपला ‘गहाण’ संस्कृत ‘ग्रहण’वरून आला, म्हणजे धरून ठेवलेलं. ‘तारण’ मात्र तारून नेणारं. एकाच व्यवहाराकडे सावकाराच्या आणि कर्जदाराच्या बाजूने पाहणारे हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी राहतात.

आता मेलं काय, याची इंग्लंडमध्ये दोन उत्तरं दिली गेली. पंधराव्या शतकातल्या लिटलटन या कायदेपंडिताचं उत्तर जास्त प्रसिद्ध आहे, आणि १६२८ मध्ये एडवर्ड कोकने त्यावर भाष्य केल्यावर ते सर्वतोमुखी झालं: पैसे दिले नाहीत तर जमीन कर्जदाराला मेली, दिले तर तारण सावकाराला मेलं. ऐकायला सुटसुटीत, पण व्यवहारात फारसं उपयोगी नाही.

दुसरं उत्तर त्याहून जुनं, बाराव्या शतकाच्या अखेरीचं, ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या ग्रंथातलं. जमीन सावकाराच्या ताब्यात असताना तिचं उत्पन्न कर्जातून वजा होत असेल तर ते ‘जिवंत’ तारण. सावकार उत्पन्न खातो आणि कर्ज जागच्या जागी राहतं, ते ‘मेलेलं’. असं तारण त्या काळी पाप मानलं जाई, कारण ते आडवाटेने घेतलेलं व्याजच होतं. कोकणातल्या माणसाने लक्षात ठेवायचं ते हे उत्तर, कारण हा भेद १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात, कलम ५८ मध्ये, आजही जसाच्या तसा आहे. (इथे कलम म्हणजे कायद्याचं. झाडाला हापूसचं कलम म्हणू.) कब्जेगहाणातलं, म्हणजे मिळकतीचा कब्जा सावकाराकडे देऊन केलेल्या गहाणातलं, उत्पन्न व्याजाऐवजी घेता येतं, गहाणाच्या रकमेत वळतं करता येतं किंवा थोडं इकडे थोडं तिकडे करता येतं. तिन्ही गोष्टी कायदेशीर आहेत. तुमच्या कागदात यातली कुठली आहे, हे तुम्हालाच शोधावं लागतं.

ते एक वाक्य

दस्त हातात घेतलात की आधी ‘उत्पन्न’ हा शब्द शोधा. त्याच्या आसपास साधारण अशा वळणाचं वाक्य सापडेल:

‘सदर मिळकतीचे उत्पन्न आपण व्याजाऐवजी घ्यावे व मुद्दल फिटेपर्यंत कब्जा ठेवावा.’

किंवा असं:

‘सदर मिळकतीचे उत्पन्नातून खर्च वजा जाता उरेल ती रक्कम प्रथम व्याजात व नंतर मुद्दलात वळती करावी.’

पहिलं मेलेलं तारण, दुसरं जिवंत. फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. दोन लाख रुपये, दरसाल १२ टक्के. वीस कलमांची बाग, फवारणी, माकडांची राखण, काढणी, पेट्या आणि गाडीभाडं जाऊन वर्षाला ६०,००० रुपये सुटतात असं धरा.

जिवंत तारणात पहिल्या वर्षी व्याज २४,०००, उरलेले ३६,००० मुद्दलात गेले, बाकी १,६४,०००. दुसऱ्या वर्षी व्याज १९,६८०, बाकी १,२३,६८०. तिसऱ्या वर्षाअखेर बाकी सुमारे ७८,५००, चौथ्याच्या अखेरीस सुमारे २७,९००. पाचव्या हंगामात सगळं फिटतं आणि कर्जदाराच्या हातात २८,७०० च्या आसपास परत येतात. बाग मोकळी.

मेलेल्या तारणात त्याच पाच वर्षांत सावकाराने ३,००,००० उचलले आणि मुद्दल २,००,००० तसंच उभं. म्हणजे दर पडला ३० टक्के, आणि तो आकडा कागदावर कुठेच दिसत नाही.

त्या वाक्याचा दुसरा परिणाम सहसा कुणी सांगत नाही. त्याच अधिनियमाचं कलम ७६ कब्जा घेतलेल्या सावकारावर बरीच जबाबदारी टाकतं: शहाण्या माणसाप्रमाणे बागेची निगा राखायची, सरकारी सारा भरायचा, उत्पन्न आणि खर्चाचा पावत्यांसह पूर्ण हिशेब ठेवायचा, नासधूस करायची नाही. पण उत्पन्न व्याजाऐवजी असं ठरलं असेल तर कलम ७७ प्रमाणे यातली हिशेबाची जबाबदारी गळून पडते. फिटणंही थांबतं आणि विचारणंही. सारा भरणं आणि नासधूस न करणं ही बंधनं मात्र तरीही राहतात, त्यामुळे फळतं झाड तोडून सरपण करण्याची मुभा सावकाराला कुठल्याच वाक्याने मिळत नाही.

जिवंत तारण नेहमीच कर्जदाराच्या फायद्याचं, असंही नाही. मोहराच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, थ्रिप्स किडीने फळ डागलं आणि उत्पन्न व्याजापेक्षाही कमी आलं, तर कमी पडलेलं व्याज कर्जदाराच्या माथी बसतं. ‘व्याजाऐवजी’ असेल तर त्या वर्षीचा तोटा सावकाराचा. म्हणून नवा दस्त करताना आमचा आग्रह तिसऱ्या वाटेचा असतो: उत्पन्न व्याजापोटी आणि शिवाय दरसाल मुद्दलातली ठरावीक रक्कम फिटली असं धरायचं, पीक येवो न येवो. तिथेही कलम ७७ मुळे हिशेब मागता येत नाही, पण त्याची गरजही उरत नाही, कारण कुठल्या वर्षी किती बाकी हे कागदच सांगतो.

कुठलं गहाण आहे हे ओळखणं

कायद्यात सहा प्रकार आहेत. साध्या गहाणात कब्जा तुमच्याकडेच राहतो, परतफेडीची हमी तुमची वैयक्तिक असते आणि सावकाराला वसुलीसाठी कोर्टातून विक्री करून घ्यावी लागते. कब्जेगहाण वर आलंच. त्यात सावकाराला विक्रीचा दावा लावता येत नाही, मिळकत कायमची आपली करून घेण्याचाही नाही. इंग्लिश मॉर्गेजमध्ये मिळकत पूर्ण नावावर करून देतात, ठरल्या तारखेला पैसे भरले की परत नावावर करून देण्याच्या अटीवर. हे आपल्याकडे क्वचितच. हक्काचे मूळ दस्त बँकेत ठेवून होणारं ते इक्विटेबल मॉर्गेज, मुंबईतल्या चाकरमान्याच्या फ्लॅटचं असतं ते. यातल्या कशातच न बसणारं किंवा दोनतीन प्रकारांची भेसळ असलेलं तो सहावा प्रकार.

राहिली मुदत खरेदी. इथे जरा थांबायला हवं, कारण गावाकडच्या जमिनी सर्वांत जास्त इथे हातच्या जातात. दिसायला खरेदीखत, पण अमुक मुदतीत पैसे परत केले तर मिळकत परत, अशी अट. ही अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला गहाण मानतो. १९२९ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल १९३० पासून लागू झाली, हे स्पष्ट केलं. सावकार म्हणतो, ‘आत्ता साधं खरेदीखत करू, परत देण्याचा वेगळा कागद लिहून देतो.’ तो वेगळा कागद कितीही खरा असला तरी व्यवहार गहाण राहत नाही, खरी विक्री होते. मग गहाण सोडवायचा हक्क नाही, ३० वर्षांची मुदत नाही, हाती राहतो फक्त एक करार, आणि त्यातली तारीख चुकली की संपलं. अशा वेळी सही करू नका. पैशांची कितीही नड असली तरी बाग विकून नड भागवणं आणि बाग गहाण टाकून भागवणं यांत कोणतं करतोय हे सही करण्याआधी माहीत असायलाच हवं.

सही करण्याआधी आणखी काही गोष्टी पाहायच्या. मुद्दल शंभर रुपये किंवा जास्त असेल तर, मूळ दस्त ठेवून होणारं गहाण सोडून, प्रत्येक गहाणखत नोंदणीकृत हवं, आणि त्यावर किमान दोन साक्षीदार हवेत. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकाकडे न्यावा लागतो. शेतजमिनीचं कब्जेगहाण बिगरशेतकऱ्याच्या नावे करायला कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ते वैध होत नाही. सातबाऱ्यावर ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर खासगी गहाणाचा विचारच सोडा आणि बँक किंवा विकास सोसायटीकडे जा. पैसे देणारा व्याजाचा धंदा करत असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ खालचा परवाना दाखवायला सांगा. विनापरवाना सावकारीत गेलेल्या जमिनीबाबत सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

‘झाडं गहाण, जमीन नाही’ असंही ऐकायला मिळतं. कायद्याने फळझाड जमिनीला धरून असल्यामुळे स्थावर मालमत्ता, तर लाकडासाठी तोडायचा साग आणि झाडावरचं उभं पीक स्थावर नाही. यंदाचा आंबा कुणाला काढायला दिला तर ते मॉर्गेज नव्हे, पिकाचा करार झाला. आणि बाग गहाण असताना नंतर लावलेली कलमंही, दस्तात काही वेगळं लिहिलं नसेल तर, तारणातच मोडतात. गहाण सुटलं की ती बागेबरोबर परत येतात.

शेजारचे शब्द

हायपोथिकेशन ग्रीक आहे, ‘खाली ठेवलेलं’. जंगम वस्तू तारण, पण ताबा तुमच्याकडे: टेम्पो, मासेमारीचं इंजिन, दुकानातला माल. वाहनाचं कर्ज फिटलं की फॉर्म ३५ भरून आरटीओकडून ती नोंद काढून घ्यावी लागते, आपोआप जात नाही. याच शब्दाचं पोर्तुगीज रूप ‘इपोतेका’, आणि तिथे त्याचा अर्थ स्थावराचं गहाण. त्यामुळे पोर्तुगीज अमदानीतले गोव्याकडचे जुने कागद वाचताना तो दिसला तर टेम्पोचा अर्थ लावू नका. प्लेज म्हणजे वस्तूच सावकाराच्या ताब्यात, जसं सोनेतारण. लिएन म्हणजे फ्रेंचमधून आलेलं ‘बंधन’, बँक तुमच्या ठेवीवर लावते ते.

फोरक्लोजर या शब्दाने मात्र भल्याभल्यांचा घोटाळा होतो. मूळ अर्थ ‘बाहेर ठेवून दार लावणं’. कायद्यात कर्जदाराचा गहाण सोडवण्याचा हक्क कोर्टाकडून कायमचा बंद करून घेणं म्हणजे फोरक्लोजर. बँकेच्या काउंटरवर नेमकं उलट: मुदतीआधी सगळं कर्ज फेडून टाकणं. ‘फोरक्लोजर लेटर’ आलं म्हणून घाबरण्याआधी ते कुणाकडून आलंय ते बघा. बँकेचं असेल तर तो बहुतेक वेळा तुम्हीच मागितलेला बाकीचा हिशेब असतो. कोर्टाचं असेल तर त्याच दिवशी वकील गाठा.

गहाण सोडवताना

आधी दस्त मिळवा. घरात नसेल तर सातबाऱ्यावरच्या इतर हक्कातला फेरफार क्रमांक घ्या, तो फेरफार काढा, त्यात दस्ताचा क्रमांक आणि तारीख मिळेल. त्यावरून दुय्यम निबंधक कार्यालयात इंडेक्स टू (नोंदणीच्या सूचीतला उतारा) आणि दस्ताची नक्कल मागता येते.

मग मुदत पाहा. सध्याच्या १९६३ च्या मुदत कायद्यात गहाण सोडवण्याच्या दाव्याला ३० वर्षं आहेत. मात्र कब्जेगहाणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय की ही ३० वर्षं दस्ताच्या तारखेपासून मोजायची नसतात, गहाणाची रक्कम फिटल्याशिवाय मुदत सुरूच होत नाही. म्हणून ‘फार वर्षं झाली, आता काय उपयोग’ असं ऐकून आजोबांच्या बागेवर पाणी सोडू नका. आधी तो दस्त कब्जेगहाण आहे की मुदत खरेदी, हे दिवाणी वकिलाकडून ठरवून घ्या.

सातबाऱ्यावर पंधरावीस नावं असतील, अर्धी मुंबईत आणि काही हयात नसलेल्यांची, तरी अडत नाही. वारसांपैकी कुणीही एक जण पूर्ण रक्कम भरून गहाण सोडवू शकतो. फक्त त्यामुळे पूर्ण बाग त्याची होत नाही. इतरांकडून त्यांच्या वाट्याचे पैसे घेण्याचा हक्क मिळतो, आणि त्यांनी ते दिले की त्यांचा हिस्सा त्यांचाच. भावकीतली भांडणं इथून सुरू होतात, म्हणून कुणी किती भरले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

रक्कम चेकने किंवा बँकेतून द्या. सावकार घ्यायला तयार नसेल, किंवा ‘पुढच्या मेमध्ये बघू’ म्हणत हंगाम काढत असेल, तर मुदत भरल्यावर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८३ प्रमाणे ती रक्कम कोर्टात जमा करता येते. नियमाप्रमाणे भरली की व्याज तिथे थांबतं. आणि पैसे फिटल्यावर नुसत्या पावतीवर समाधान मानू नका: मूळ कागद, कब्जा, आणि गहाण संपल्याचा नोंदणीकृत दस्त मागण्याचा हक्क त्याच अधिनियमाचं कलम ६० तुम्हाला देतं. हा शेवटचा दस्त राहून गेला तर वीस वर्षांनी सावकाराचे वारस तोच सातबारा काढून दारात उभे राहतात.

बँकेचं असेल तर

शेतीकर्जाला तारण मागितलं तर आधी रक्कम विचारा. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतचं शेतीकर्ज बँकेने तारणाशिवाय द्यावं असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्याच्या वर गेलात तर ई-करार होऊन सातबाऱ्यावर बोजा चढतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता ताबा घेता येतो, पण शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. कागदावर बिनशेती झालेला तुकडा आणि त्यावरचं घर मात्र त्याच्या कक्षेत येतं. होमस्टेसाठी बिनशेती करून कर्ज काढणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा.

मूळ दस्त बँकेत ठेवून कर्ज घेतलं तर ३० दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयात नोटीस द्यावी लागते. तिची प्रत जपून ठेवा. बँकेला दिलेल्या प्रत्येक दस्ताची यादी सहीशिक्क्यासह घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे आणि कर्जदार वारला असेल तर वारसांनाही कागद द्यावे लागतात.

सातबाऱ्यावरचा बोजा मात्र स्वतः उतरत नाही. बँकेचं किंवा सोसायटीचं बोजा कमी करण्याचं पत्र घ्या. त्यात गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, बोजाचा फेरफार क्रमांक आणि रक्कम सगळं लिहिलेलं हवं. ई-हक्क प्रणालीतून किंवा तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्या. फेरफार धरला की हरकतीसाठी नोटीस निघते आणि मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. त्यानंतर नवा सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना ओळीओळीने वाचा. गहाण तीन हिश्शांचं असेल तर तिन्ही हिश्शांचे उतारे वेगवेगळे काढा, कारण पत्रात एकच हिस्सा लिहिला गेला आणि उरलेल्या दोघांवर बोजा तसाच राहिला, ही चूक वारंवार होते आणि ती कळते थेट पुढच्या कर्जाच्या वेळी.